तक्रारीचा टाळ

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा फोन डोक्यातून जात नाही. सोसायटीच्या वृंदगानात सुरुवातीला काय धमाल चालली होती! आता गाणं शिकलेले आणि न शिकलेले असे दोन तट पडलेत, एक काकू यायच्या बंद झाल्यात, आणि तू म्हणतेस, गाणं बसतंय पण माणसं फुटतायत.

तू पाठवलेला ऑक्सफर्डचा २०१५चा अभ्यास वाचला. प्रौढांचे काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे, आणि सात महिने त्यांच्यावर लक्ष. गाणाऱ्यांची गट्टी पहिल्या महिन्यातच जमली, पण सात महिने संपेपर्यंत बाकीचेही तितकेच जवळ आले होते. म्हणजे गाणं ओळख लवकर करून देतं, एवढंच. तुमचा तो लवकरचा काळ सरला, इतकाच याचा अर्थ. घाबरू नकोस.

आता वारीतलं एक सांगतो. माउलींच्या सोहळ्यात रथापुढेच २७ दिंड्या, मागे तर विचारू नकोस. प्रत्येकीचा विणेकरी वेगळा, टाळकरी वेगळे, मान वेगळा. एवढ्या लोकांत कुरबुर होणारच. कुणाच्या चालण्याच्या क्रमात कोणी घुसलेलं असतं, कुणाचं सामान हरवलेलं असतं. संध्याकाळी तळावर पालखीभोवती सगळ्या दिंड्या समाज आरतीला उभ्या राहतात. टाळांचा नुसता कल्लोळ. चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच करतो आणि क्षणात सगळं शांत होतं. फक्त जिची तक्रार आहे ती दिंडी टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, मग तोही टाळ थांबतो. त्यानंतर हरवल्या-सापडल्याच्या आणि उद्या किती वाजता निघायचं त्याच्या सूचना, आणि मग आरती. तक्रार तशीच ठेवून आरती उरकत नाहीत. सोहळ्याला शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या दरबारातले सरदार होते; फौजेत वावरलेल्या माणसाला रुसवेफुगवे कुठे नेऊन ठेवतात ते पक्कं ठाऊक असणार.

तुमच्याकडे तक्रार कुठे जाते? व्हॉट्सॲपवर, तीही मुख्य ग्रुपवर नाही, चौघींच्या वेगळ्या ग्रुपवर. तालीम सुरू करण्याआधी दहा मिनिटं ठेव. ज्याला बोलायचंय त्याने सगळ्यांसमोर बोलावं, तू मध्ये तोडू नकोस, आणि त्याचा निकाल लागल्याशिवाय पेटीला हात लावू नकोस. पहिल्या दोनतीन वेळा कोणी तोंड उघडणार नाही. तरी ती दहा मिनिटं सोडू नकोस.

आणि रांगा बदल. तुम्ही सगळे तुझ्याकडे तोंड करून उभे राहता, मी व्हिडिओत बघितलं. भजनात टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर असतात. एका बाजूने चरण म्हटला की दुसरी उचलते, त्यामुळे समोरच्याचा श्वास कुठे संपतो ते दिसतं. शिकलेले सगळे एका रांगेत मात्र घालू नकोस, नाहीतर सवाल-जवाब सुरू होतील!

राहता राहिल्या त्या काकू. त्यांचं म्हणणं होतं की पट्टी चढी लागते. अगं, चढीच आहे. तुझ्या गळ्याला सोयीची म्हणून तू ती धरलीस आणि मोठ्या बायकांना वर ओढत नेलंस. त्यांना फोन कर, पण "रागावू नका, परत या" असलं काही नको. येत्या रविवारी पट्टी त्यांना ठरवायला सांग, आणि त्या जी सांगतील तीत तू गा. तुला खर्जात जरा त्रास होईल.

तुझे,
बाबा