पहिल्या तारखेपासून फिरतीवर

छत्रपती संभाजीनगर,
रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आईचा आवाज बारीक होतो आणि बाबा "बरं" म्हणून फोन ठेवतात, म्हणून पत्र लिहीत आहे. फिरतीची जागा मी स्वीकारली आहे. सही सोमवारीच केली. खरे तर दिवाळीत तुमच्या पुढ्यात बसून फराळ करताना माझे मन ठरलेले होते, पण तोंडातून शब्द फुटला नाही, त्याबद्दल मला क्षमा करा. पहिल्या तारखेपासून महिन्यातले अठरा-वीस दिवस मी सौर प्रकल्पांवर असेन: राजस्थानात भडला, कर्नाटकात पावगडा आणि मध्य प्रदेशात रीवा. बाबा, एकट्या भडल्याची क्षमता २२४५ मेगावॉट आहे, म्हणजे आपल्या परळीच्या थर्मलपेक्षा कितीतरी मोठी. असे काम हातचे घालवले असते, तर पुढे मीच स्वतःला बोल लावला असता. शिवाय पगारही वाढतो आहे. पण ते कारण नाही, किंवा निदान पहिले कारण नाही.

उन्हातान्हाचे तुम्ही विचारलेच नाही. आई एवढेच म्हणाली, "माणसं तुटतील, मामासारखं होईल." गंगाखेडच्या मामांच्या तेराव्याला किती थोडी पाने वाढली होती, ते मी विसरलेले नाही. तरीही मामा फिरतीमुळे एकटे पडले, असे मला वाटत नाही. ते कळवत नसत. निघालो म्हणून सांगत नसत आणि आलो म्हणूनही सांगत नसत. मग लोकांनीही हळूहळू विचारणे सोडले. आई, हे वाचून डोळ्यांना पदर लावू नकोस. मामा मलाही फार प्रिय होते.

बाबा, एसटीत कंडक्टर असताना आठवड्यातल्या तीन रात्री तुम्हीही घरी नसायचात. धारूरच्या घाटापलीकडची ती मुक्कामी गाडी, आणि खाकी शर्टाच्या खिशात रबर लावलेली छोटी वही. डाव्या पानावर कोणाचे काय न्यायचे, उजव्या पानावर कोणाला काय सांगायचे: वसतिगृहातल्या पोराचा डबा, कोणाच्या आजीचे डोळ्यांत टाकायचे औषध, "मुलगी झाली, दोघी सुखरूप" असा निरोप. घरी आल्यावर झालेल्या कामांवर रेघ मारायला तुम्ही मला मांडीवर घ्यायचात, आणि मी पेटीतला पंच काढून वर्तमानपत्राला भोके पाडत बसले तरी कधी रागावला नाहीत. त्या अंगाला डिझेलचा वास यायचा. मला अजूनही एसटीत बसले की झोप लागते, ती त्यामुळेच असावी. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली, तरी त्या मार्गावरच्या गावांतून तुम्हाला लग्नपत्रिका येतात. मग माझीच माणसे कशी तुटतील?

मीही तशी वही केली आहे. फोन आहेच, पण सगळे फोनवर सोडले की काय होते, ते मी गेल्या वर्षी पाहिले. पंधरा दिवसांच्या दौऱ्यावर असताना जवळच्या मैत्रिणीची आई गेली आणि ती बातमी, मी आवाज बंद करून ठेवलेल्या ग्रुपवर, शुभ सकाळच्या फुलांखाली चार दिवस पडून राहिली. मैत्रीण काही बोलली नाही, हेच मला फार लागले. तेव्हापासून मी ग्रुपच्या भरवशावर राहत नाही. रोज संध्याकाळी जेवणाआधी वहीतल्या एकाच माणसाला फोन करते, पाच मिनिटे का होईना, आणि त्याने मागच्या वेळी काय सांगितले होते ते आधी वाचून घेते. आठ जणींची भिशी दुसऱ्या रविवारी ठेवून घेतली आहे. पैसे फोनवरूनही जातात, पण त्या दिवशी मी इथे हजर असेन, असे दौरे मी साहेबांकडून लिहून घेतले आहेत.

ऑफिसचे थोडे अवघड आहे. फिरतीवरचा माणूस कागदावर असतो, पण चहाच्या टपरीवर नसतो, आणि निम्मे निर्णय तिथेच होतात. म्हणून दर सोमवारी सकाळी आम्ही पाच जण फोनवर एकत्र चहा पितो. त्यात अहवाल द्यायचा नाही, असे मीच ठरवून टाकले आहे. परतल्यावर पहिला दिवस मी माझ्या टेबलावर बसून काढणार आहे.

जेवणाची चिंता नको. साइटवरच्या विश्रामगृहात स्वयंपाकी आहे आणि कूलरही आहे. पहिले तीन-चार दिवस आईचे धपाटे पुरतील, आणि येसर तर मी दोन डबे भरून नेणार आहे. उन्हाळ्यात भडल्याला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, उन्हात फोन तापून आपोआप बंद पडतो, आणि पॅनेलच्या रांगांमध्ये रेंजही धड नसते. तेव्हा दुपारी फोन लागला नाही, तर बाबांनी शेजारच्यांना गोळा करू नये. मी रोज रात्री साडेआठला स्वतः फोन करीन.

आता माझे ऐका. रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्यायची. "काल घेतली होती" हे उत्तर चालणार नाही. महिन्यातून एकदा स्वाराती रुग्णालयात तपासणी करून कागद जपून ठेवायचा. आई, वाळवण घालायला माळवदावर चढायचे नाही. अंगणात बाजेवर घाल. बाबांना पंचाहत्तरीनंतर एसटीचे तिकीट लागत नाही आणि तुला अर्धे लागते, हे मला माहीत आहे, पण म्हणून एका दिवसात लातूरला जाऊन परत यायची घाई करू नका.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येते आहे, दोन दिवस राहीन. बाबा, स्टँडवर घ्यायला येऊ नका. गाडीला उशीर होईल. तुमची जुनी वही तेवढी कपाटातून काढून ठेवा. तुम्ही माणसांची नावे गावावरून लावायचात की आडनावावरून, ते मला पाहायचे आहे.

तुमची,
चिमी