ताईला पत्र: इंग्रजी शिकणारी पोरं आणि त्यांचे मार्क

प्रिय ताई,

आई-बाबांना सा. न., चिनूला आशीर्वाद. तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. धडगावकडची पोरं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणार, पेपर मराठीत येणार, आणि वर साहेब विचारणार निकाल कमी का. शेवटी म्हणालीस तुमच्याकडे असली भानगड नसेल. आहे गं बाई, ढीगभर आहे, मी रोज त्यातच असते!

इथे अमेरिकेत सरकारी शाळांत ५० लाखांच्या आसपास मुलं ‘इंग्लिश लर्नर’, म्हणजे अजून इंग्रजी शिकणारी, आहेत, दहात एक. आमच्या न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात तर विचारूच नको, माझ्या एकाच वर्गात स्पॅनिश, बंगाली, मँडरिन, अरबी सगळं चालतं. नाव घालतानाच घरी कुठली भाषा बोलता याचा फॉर्म भरून घेतात, मग मुलाची परीक्षा, मग ‘इंग्लिश लर्नर’चा शिक्का. पुढे दरवर्षी एप्रिल-मेमध्ये वेगळी परीक्षा असते, त्यात वरची लेव्हल गाठली की शिक्का निघतो.

आता गोम बघ. जे पोर शिकलं ते गटातून बाहेर आणि त्याच्या जागी काल विमानातून उतरलेलं पोर आत, मग त्या गटाचे मार्क कधी वर दिसणार? न्यूयॉर्क शहरात शिक्का निघालेली मुलं ग्रॅज्युएट होण्यात, म्हणजे इथे हायस्कूल पूर्ण करण्यात, ज्यांना शिक्का कधी लागलाच नाही अशांच्याही पुढे असतात, पण त्यांचं कौतुक कुणाला. २०१५ च्या केंद्राच्या कायद्याने अशा मुलांना आणखी चार वर्षं त्याच गटात मोजायची मुभा दिलीय, तेवढं बरं झालं.

आमच्या राज्याची परीक्षा म्हणजे रीजंट्स. जानेवारी, जून, ऑगस्टमध्ये असते, पासिंग ६५ ला. (आपलं ३५ आठवून मला अजून हसू येतं.) ग्रॅज्युएशनसाठी तिची सक्ती काढायचं घाटतंय, पण आत्ता तरी द्यावीच लागते. या मुलांना जादा वेळ मिळतो, दोन भाषांची डिक्शनरी मिळते, गणिताचा पेपर स्पॅनिशमध्येही मिळतो, दोन्ही पेपर शेजारी ठेवून लिहिलं तरी चालतं. इंग्रजीचा पेपर मात्र इंग्रजीतच. माझ्याकडे इक्वेडोरचा एक मुलगा होता, अल्जेब्राच्या पेपरला त्याने स्पॅनिश पेपर उघडला, पहिली दोन पानं सोडवली आणि पुढे नुसता बसून राहिला, कारण मधली दोन वर्षं तो शाळेतच गेला नव्हता, समीकरण त्याने कुठल्याच भाषेत पाहिलं नव्हतं. त्याला भाषांतर देऊन काय उपयोग?

म्हणून मला वाटतं मार्क बघताना आधी शाळा बघावी. मी आधी जिथे होते तिथे या मुलांना इंग्रजीच्या जादा तासाला सायन्सच्या तासातून उठवून न्यायचे. आता सायन्सच्या रीजंट्सला बसायचं तर १२०० मिनिटं लॅब झालेली लागते! मिनिटं भरायची नाहीत, पोरगी परीक्षेलाच बसू शकायची नाही, आणि वर सगळे म्हणणार इंग्रजी कच्चं आहे. शिवाय टीचर दरवर्षी नवा, तो मुलांची नावं नीट म्हणायला शिकेपर्यंत निघून जायचा. आताच्या शाळेत गणिताच्या तासाला माझ्याबरोबर इंग्रजी शिकवणारी दुसरी टीचर वर्गातच उभी असते, आम्ही आदल्या दिवशी बसून प्रश्न वाचतो, कुठे पोरं अडकतील ते आधीच काढून ठेवतो. फरक दिसतो, खोटं कशाला सांगू. नियम असाही आहे की एका इयत्तेत एकाच भाषेची २० मुलं असली तर शाळेने बायलिंग्वल, म्हणजे दोन भाषांत शिकवणारा, वर्ग काढायचा, पण ज्याच्या भाषेचा तो एकटाच, त्या पोराचं काय?

लोक म्हणतात अशी मुलं एका शाळेत फार झाली की निकाल पडतो. मला नाही पटत. गरीब वस्ती, सतत बदलणारे शिक्षक आणि त्यातच नवी पोरं कोंबली तर पडणारच की. पण इथेच क्वीन्समध्ये १९८५ साली लागार्डिया कॉलेजात फक्त नव्याने आलेल्या मुलांसाठी हायस्कूल काढलं, आता तशा शाळांचं अख्खं नेटवर्क आहे. तिथे प्रत्येक विषयाचा शिक्षक भाषाही शिकवतो, मुलं गटात एकमेकांच्या मदतीने काम करतात, आणि बऱ्याच शाळांत इंग्रजी सोडून बाकी रीजंट्सऐवजी प्रोजेक्ट करून ते समोर बसलेल्यांना समजावून सांगायचे. या शाळांतली मुलं शहरातल्या इतर इंग्लिश लर्नर मुलांपेक्षा जास्त प्रमाणात ग्रॅज्युएट होतात. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय की सगळ्यांना तेच पुस्तक आणि तोच मास्तर दिला म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. साहेबांना हे ऐकव एकदा.

तुमच्याकडे पावरी येणारे शिक्षक किती आहेत आणि किती वर्षं टिकतात ते मला कळव, आणि दर आठवड्याला पोरांचे कुठले तास बुडतात तेही लिही. माझे जानेवारीचे पेपर जवळ आलेत, तपासायचा ढीग पडेल, त्याच्या आत फोन करते.

तुझी,
छोटी