अक्का, त्या गोळ्या घेऊ नकोस

ला पाझ, बोलिव्हिया
१२ मे

प्रिय अक्का,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर अमरनाथचं सांगता सांगता तू आवाज बारीक केलास आणि म्हणालीस, "तारीख नेमकी तेव्हाच येतीय, पाळी लांबवायच्या गोळ्या घेणार आहे." शेजारी दाजी बसलेले, म्हणून मी गप्प राहिले. पण तेव्हापासून चैन नाही.

इथला विमानतळच ४,०६१ मीटरवर आहे. आपलं सोलापूर जेमतेम साडेचारशे. नव्या माणसाचं डोकं पहिले एक-दोन दिवस दुखतंच. त्याला इथे सोरोचे म्हणतात आणि कोकाच्या पानांचा चहा पाजतात. माझ्या शेजारच्या टेबलावर सखल भागातून बदलून आलेली एक मुलगी होती, वय ३२. तिचंही डोकं दुखलं. आम्ही सगळ्यांनी तिला चहाच पाजला, मीसुद्धा. दुखणं कमी व्हायचं सोडून वाढतच गेलं. आडवं पडलं की जास्त, खोकलं की जास्त. सहाव्या दिवशी तिला अंधुक दिसायला लागलं, डावा हात लुळा पडला आणि ऑफिसातच फिट आली.

एमआरआयमध्ये शिरांचं चित्र काढलं तेव्हा कळलं की मेंदूतलं रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या शिरेत गाठ झाली होती. आपल्या जुन्या घरातली मोरी तुंबली की पाणी मागे सरून स्वयंपाकघरात यायचं, आठवतं? तसंच. रक्त आत येत राहतं, बाहेर जायला वाट नाही, मग मेंदूला सूज येते, कधी आत रक्तस्रावही होतो. हेपारिनची इंजेक्शनं दिली, आता कित्येक महिने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आहेत. वाचली ती. पण त्या हाताने अजून कप धरवत नाही.

डॉक्टरांनी तिला सुरुवातीलाच विचारलं होतं, गर्भनिरोधक गोळ्या घेता का? ती घेत होती.

नुसत्या उंचीने असं होणं दुर्मीळ आहे, हे आधी सांगते. पण विरळ हवेत श्वास जोरात चालतो, हवा कोरडी असते, अंगातलं पाणी उडतं आणि रक्त घट्ट होतं. त्यात गोळी. पाळी लांबवायच्या गोळ्यांत बहुधा नोरेथिस्टेरॉन नावाचं औषध असतं. त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन या हार्मोनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेनमुळे रक्त लवकर गोठतं. काही जणी त्यासाठी कुटुंबनियोजनाच्याच गोळ्या लांबवतात, त्यांत तर इस्ट्रोजेन सरळच असतं. शिवाय तुम्ही बायका प्रवासात लघवीची सोय नाही म्हणून पाणीच पीत नाही, वर उपवास. गुहा ३,८८८ मीटरवर आहे, अक्का.

आणि मोठ्या आत्याचं विसरू नकोस. बाळंतपणानंतर तिच्या पायात गाठ झाली होती. हा रक्ताचा कल घराण्यात चालत येऊ शकतो.

तू जावंस, मनापासून वाटतं. किती वर्षं म्हणत होतीस. फक्त गोळी घेऊ नकोस. पाळी आली तर येऊ दे. मला विचारशील तर तशीच दर्शनाला जा. मनाला पटत नसेल तर खाली तंबूत थांब, पण रक्ताशी खेळ नको. पाणी पीत राहा. डोकं दुखायला लागलं तर वर चढू नकोस. खाली उतरूनही थांबलं नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली, हातपाय जड झाले, तर "थंडी बाधली" म्हणून बाम चोळत बसू नका, तडक दवाखाना.

यात्रेसाठी आरोग्य प्रमाणपत्र लागतंच. ते घ्यायला जाशील तेव्हा डॉक्टरांना गोळ्यांचं आणि आत्याचं, दोन्ही सांग. लाजू नकोस. आत्याची फाईल आईच्या लोखंडी कपाटात आहे, खालच्या कप्प्यात, इरकली साड्यांच्या खाली, निळ्या पिशवीत.

तुझी,
छोटी