बोटी मोजल्या, पण बोलणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळापूर्व तयारीच्या बातम्या यंदाही वेळेवर येऊ लागल्या आहेत. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, पंप किती, कोणत्या शाळेत माणसं हलवायची, सगळं छापून येतं. संपर्काचं काय, असं विचारलं की मोबाइल नंबरांची एक यादी दाखवतात, फार तर व्हॉट्सअ‍ॅपचा एक गट. त्या यादीबद्दल मला थोडं बोलायचं आहे.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली ऑपरेटर. उमेदीची वर्षं ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडण्यात गेली. पुढे हॅम रेडिओचा, म्हणजे मोबाइल टॉवरशिवाय थेट एकमेकांशी बोलता येणाऱ्या हौशी रेडिओचा परवाना काढला आणि गच्चीवर अँटेना उभी केली. सोसायटीच्या सभेत ती अँटेना दरवर्षी विषयपत्रिकेवर असते. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांना भल्या पहाटे घरात पाणी दिसलं. आमची इमारत उंचावर, पाणी आलं नाही. पण वीज गेली. तेव्हा एरवी माझ्या बॅटरीला अडगळ म्हणणारे शेजारी मोबाइल चार्ज करायला त्याच बॅटरीभोवती बसले होते. मी काही बोलले नाही. चहा मात्र त्यांच्याकडून घेतला.

मोबाइलचं दुखणं साधं आहे. टॉवरखाली बॅटऱ्या असतात, त्या काही तास चालतात, मग जनरेटरला डिझेल लागतं आणि डिझेल आणणारी गाडी त्याच बंद रस्त्यावर अडकते. घाटात दरड आली की रस्त्याकडेने टाकलेली फायबरही तुटते. टॉवर उभा दिसतो, पण त्याला पुढे काहीच जोडलेलं नसतं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली आणि गाव दिसत नाही हे बाहेरच्या जगाला कळलं ते तिथे गेलेल्या एसटीच्या चालकामुळे. हे पुणे जिल्ह्यात घडलं आहे, कुठल्या दूरच्या बेटावर नाही.

आता कोणी म्हणेल, मग हॅम मंडळींना बोलवा, रेडिओ वाटा, झालं. इथेच गफलत होते. आपत्तीत रेडिओ कमी पडत नाहीत, ऐकणारं माणूस कमी पडतं. पुण्यात परवानाधारक बऱ्यापैकी आहेत, उत्साहही भरपूर आहे, आणि खरं सांगायचं तर आमचा उत्साह हीच निम्मी अडचण आहे. माझं पत्र जितकं प्रशासनाला आहे तितकंच माझ्या बिरादरीलाही आहे.

असं समजा की राजगड तालुक्यातल्या, म्हणजे आपल्या जुन्या वेल्ह्यातल्या, एखाद्या वाडीत एक जण ५ वॅटची हँडी, म्हणजे हातातला छोटा रेडिओ, घेऊन उभा आहे. चहूकडे डोंगर, बॅटरी उतरत आलेली. कसाबसा तो डोंगरावरच्या रिपीटरपर्यंत, म्हणजे ऐकलेलं जोराने पुढे फेकणाऱ्या यंत्रापर्यंत पोचतो. त्याच क्षणी कोथरूडमधून कोणी ५० वॅटचा रिग, म्हणजे मोठा रेडिओ संच, आणि गच्चीवरची अँटेना घेऊन विचारतो, ‘तिकडे पाऊस कसा आहे?’ एफएमचा स्वभाव असा की रिसीव्हर जोरदार सिग्नल पकडतो आणि अशक्त सिग्नल गिळून टाकतो. वाडीतल्या माणसाचं बोलणं कोणालाच ऐकू येत नाही, आणि आपण कोणाला झाकलं हे कोथरूडकरांना कधी कळतही नाही. ज्याला मदत सर्वांत जास्त हवी त्याचाच आवाज सर्वांत बारीक असतो. त्याच्यासाठी बाकीच्यांना गप्प बसवणारं कोणीतरी लागतं. एका फ्रिक्वेन्सीवर जमलेल्या स्टेशनांना आमच्यात नेट म्हणतात आणि त्या माणसाला नेट कंट्रोल.

नेट कंट्रोल स्वतः फार बोलत नाही. सुरुवातीला एकेका स्टेशनची हजेरी घेतो: कॉल साइन (परवान्यावरचं सांकेतिक नाव), कुठे आहात, बॅटरीवर की मेनवर, गाडीत की घरात. मग सांगतो, मी बोलावल्याशिवाय कोणी बटण दाबायचं नाही. दोन बोलण्यांच्या मध्ये मुद्दाम काही सेकंद मोकळे सोडतो, म्हणजे कोणाला तातडीचं असेल तर त्या फटीत ‘ब्रेक’ म्हणता यावं. कोणाचं लांबलचक काही असेल तर त्या दोघांना दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पाठवतो. डोंगराआडचं स्टेशन ऐकू येत नसेल तर कात्रजच्या किंवा सिंहगडाच्या बाजूला उंचावर बसलेल्याला मध्ये घालून निरोप पुढे घेतो. आणि सगळं वहीत लिहितो, वेळेसकट. ट्रंक बोर्डावर आम्ही ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉल वेगळे काढायचो. लाइटनिंग कॉल आला की बाकीचे थांबायचे, मग रांगेत कोणीही बडा माणूस असो. तीच शिस्त इथे लागते. फरक एवढाच की त्या काळी लाइटनिंगला जबर पैसे पडायचे, म्हणून लोक विचार करून मागायचे. रेडिओवर बोलणं फुकट, त्यामुळे प्रत्येकाला आपला निरोप लाइटनिंगच वाटतो.

निरोप कसा द्यायचा हेही शिकावं लागतं. आमच्या सरावाच्या एका नेटवर ‘वडगावात पाणी शिरलंय, साठ माणसं अडकलीत’ असा मजकूर आला होता. कोणतं वडगाव? बुद्रुक, शेरी की मावळ? तीन दिशांना तीन. आणि साठ की सात? खरखरीत आवाजात दोन्ही सारखेच ऐकू येतात. म्हणून ‘सहा शून्य’ असं अंक सुटे करून सांगायचं, ऐकणाऱ्याने शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा, आणि निरोप कोणाचा, किती वाजताचा, कोणासाठी, हे आधी. ‘लवकर मदत पाठवा’ यातून नियंत्रण कक्षाला काहीच कळत नाही. होडी पाठवायची की दोर, डॉक्टर की नुसतं पिण्याचं पाणी?

आणखी एक. हे बोलणं गुप्त नसतं, ज्याच्याकडे रिसीव्हर आहे तो ऐकू शकतो. म्हणून मृतांची नावं हवेत वाचायची नाहीत आणि धरणाबद्दल ऐकीव काही बोलायचं नाही. पुण्यात हे विशेष जपायला हवं. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासलाही गेलं आणि शहर बुडालं. मधल्या काही तासांत लोकांपर्यंत निरोपापेक्षा अफवाच जास्त पोचल्या, असं माझी आई सांगायची. आजही जोराचा पाऊस झाला की ‘धरण फुटलं’ म्हणून कोणीतरी पळत सुटतंच. सही असलेल्या अधिकाऱ्याचा निरोप असेल तरच धरणाचं नाव घ्यायचं, हा नियम मी माझ्यापुरता कधीच मोडत नाही.

आता प्रशासनाकडे वळते. हौशी रेडिओचे आपले नियम १९७८ चे आहेत. परवानाधारकाने तिऱ्हाइताचे निरोप वाहायचे नाहीत, हा त्यातला मूळ दंडक. नेहमीची दूरसंचार व्यवस्था कोलमडली तर नैसर्गिक आपत्तीचे निरोप नेण्याची मुभा आहे, पण ते सक्षम मुलकी अधिकाऱ्याकडून निघालेले आणि अशाच अधिकाऱ्याच्या नावाचे हवेत. म्हणजे जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुखही जिल्हाधिकारीच. तेव्हा किल्ली एकाच टेबलावर आहे. अधिकार देणारं ते पत्र पूर आल्यावर शोधायचं, की आधीच सही करून तालुक्या-तालुक्याला नावानिशी ठेवायचं, एवढाच प्रश्न आहे. आम्ही काही जण हे विचारायला एका कार्यालयात गेलो, तर उत्तर मिळालं, ‘पोलिसांकडे वायरलेस आहे ना!’ आहे, आणि उत्तम आहे. पण तो पोलिसांच्या कामाने आधीच भरलेला असतो, आणि प्रत्येक वाडीत चौकी नसते. तळेगावजवळ सुदुंबऱ्याला एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे, त्यांचीही स्वतःची साधनं आहेत. त्यांना कुठे जायचं हे सांगणारा पहिला निरोप मात्र गावातूनच यावा लागतो.

आधीपासून उभं असण्याचा फायदा काय, हे डिसेंबर २००४ मध्ये दिसलं. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला परवानगी घेऊन हॅम मोहिमेसाठी गेलेले होते. त्सुनामी आली तेव्हा अँटेना वर होती, परवानगी खिशात होती. त्यांनी हौसेचं बोलणं थांबवलं आणि अंदमानातून मुख्य भूमीकडे निरोप जायला लागले. तो योगायोग होता. पुण्याने योगायोगावर का अवलंबून राहावं?

सरावाला आपत्तीची वाट पाहायची गरज नाही. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर मोबाइल कसा रडतो हे पुणेकरांना सांगायला नको. ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढते तेव्हा घाटातून पुण्याशी आणि सासवडशी एकाच वेळी कसं बोलायचं, ही आमच्यासाठी उत्तम परीक्षा आहे. डोंगराआड व्हीएचएफ, म्हणजे हँडीच्या सरळ जाणाऱ्या लहरी, पोचत नाहीत तिथे सात मेगाहर्ट्झवर, जमिनीपासून फार उंच न नेता वीसेक मीटरची तार ताणली, तर सिग्नल जवळजवळ सरळ वर जातो आणि वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत खाली उतरतो. मध्ये सह्याद्री आला तरी त्याला पर्वा नसते. दिवसा हे छान चालतं, रात्री बिघडतं. कधी बिघडतं, हे सराव करूनच कळतं. आणि या सरावात नेट कंट्रोलची खुर्ची दर वेळी वेगळ्या माणसाला द्यावी. आमच्यातले सर्वांत जोरात बोलणारे तिथे बसतात, ते नको.

बाजारात परवान्याशिवाय मिळणारे स्वस्त चिनी वॉकीटॉकी घेऊन कोणी तरुण मंडळं ‘आपत्ती पथक’ काढणार असतील, तर कृपया नको. आधी परवान्याची परीक्षा द्या. बारा वर्षांचं मूलही ती देऊ शकतं.

माझी मागणी मोठी नाही. जिल्हा नियंत्रण कक्षात रेडिओसाठी एक टेबल, गच्चीवर एक कायमची अँटेना, तिथून खिडकीतून आत आलेली एक केबल, बारा व्होल्टची एक बॅटरी आणि पाळीने बसणाऱ्या नेट कंट्रोलांची नावं असलेलं ते सहीचं पत्र. अँटेना, केबल आणि क्लॅम्प आम्ही आणू, सुट्टीच्या दिवशी वर चढून बसवूनही देऊ. गच्चीची किल्ली कोणाकडे असते, तेवढं कोणीतरी कळवावं.

आपली नम्र,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
सिंहगड रस्ता, पुणे