पाळण्याच्या दोरीवरच्या मुंग्या

चिपळूण

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडवेली झाली होतीस. ओवीच्या मानेपाशी मुंग्यांची रांग, समीररावांनी लगोलग आणलेला स्प्रे, आणि चार दिवसांत ओट्यावरच्या मुंग्या बेडरूमच्या खिडकीतही निघाल्या. ओवीच्या रडण्यात धड बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते.

आधी तो स्प्रे बंद कर. तू सांगितलंस तशा बारीक, पिवळसर, मागून काळपट मुंग्या असतील, तर त्यांच्या एका घरट्यात पुष्कळ राण्या असतात. फवारा मारला की समोरच्या मरतात आणि उरलेल्या एखादी राणी, अंडी-पिल्लं घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड करतात. तुझ्याकडे तेच झालंय, असं मला वाटतं.

त्यांना खाऊ घालूनच संपवायचं. पेलाभर पाण्यात पाच चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा बोरिक पावडर, कॅरमवर टाकतात तीच. चमचे लहान, चहाचे. पावडर जास्त घालू नकोस, नाहीतर त्या वाटेतच मरतील. मुंगी खाल्लेलं पोटात साठवते आणि घरट्यात जाऊन दुसऱ्यांना तोंडाने भरवते. राणीपर्यंत ते तसंच पोचायला हवं. कापसाचा बोळा त्यात भिजवून एका डबीत ठेव, झाकणाला भोकं पाड. डबी फ्रिजच्या मागे किंवा माळ्यावर, ओवीचा हात कधीच पोचणार नाही अशा जागी. हे विषच आहे, विसरू नकोस. पहिले दोन दिवस तिथे मुंग्या वाढतील. घाबरू नकोस, ती रांग पुसूही नकोस. तीन-चार आठवडे लागतात, बोळा मात्र वाळू देऊ नकोस. रांग बंद झाली की मग भेगा पांढऱ्या सिमेंटने भर. आत्ता भरल्यास तर त्या दुसरीकडून येतील.

खाटेचं मात्र आजच कर. खाट भिंतीपासून वीतभर लांब ओढ, पांघरुणाचं टोक जमिनीला टेकू देऊ नकोस. चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, त्यात साबणाचे दोन थेंब. पाणी एक दिवसाआड बदल, साचून राहिलं तर डेंग्यूचे डास त्यातच अंडी घालतात. आणि ओवीच्या मानेची वळी प्रत्येक वेळी दूध पाजून झाल्यावर ओल्या मऊ फडक्याने पूस. दूध तिथेच ओघळून साठतं, मुंग्या त्याच वासाने येतात.

हे मी इतक्या कळकळीने का सांगते ते तुला माहीत नाही. तू तीन महिन्यांची होतीस, 1995 सालचा पावसाळा. मुंग्या आढ्यावरून पाळण्याच्या दोरीने उतरल्या आणि तुझ्या कानामागे चावल्या. आजीने दोरीला रॉकेलची चिंधी बांधली. मला तेवढ्याने धीर आला नाही. मी दुकानातून बीएचसी या कीटकनाशकाची पावडर आणली आणि पाळण्याखाली मुठीने गोल पसरली. पुढे तू रांगायला लागलीस तरी ती कोपऱ्याकोपऱ्यात होती. एकदा तुझे तळहात पांढरे दिसले. मी धुतले, पण तोवर एक हात तोंडात जाऊन आला होता. 1997 मध्ये तिच्यावर बंदी आली, ते वाचून मी त्या रात्री झोपले नाही. तुला काही झालं नाही, पण तो पांढरा हात अजून माझ्या डोळ्यांसमोर येतो.

म्हणून ओवीच्या आसपास पावडर नको, खडूच्या रेघाही नकोत. ती आता रांगते, फरशीवर जे असेल ते तिच्या तोंडात जाणार.

गॅलरीतल्या जास्वंदीची पानंही उलटून बघ. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण असेल तर त्याच्या चिकट गोड पाण्यासाठीही मुंग्या येतात. तेवढ्या फांद्या छाटून टाक.

मी शनिवारी गाडीने ठाण्याला येते. आठवडाभर राहीन. रात्री ओवीला माझ्याजवळ दे, तू झोप.

तुझी,
आई