बाटल्या नको, लघवी मोज

धुळे
१२ एप्रिल

प्रिय सुभाष,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मुतखड्याचा रिपोर्ट वाचला. खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला, म्हणजे सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार. दुर्बिणीनं काढला, स्टेंटही (मूत्रनलिकेत ठेवलेली तात्पुरती नळी) निघाला, पण त्यावर विसंबू नकोस. एकदा मुतखडा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना पाच-दहा वर्षांत तो परत होतो. आणि तू कळवलेली पथ्यं (टोमॅटो बंद, वांगं बंद, दूध-दही बंद) पाहिली, तर त्यातलं दूध-दही बंद करणं उलट खड्याला आवतण देणारं आहे.

टोमॅटोच्या बियांचा खडा होत नाही. टोमॅटोत ऑक्झलेट (कॅल्शियमशी मिळून खडा करणारा, भाज्या-दाण्यांतला घटक) थोडंच असतं, वांग्यातही पालकाच्या मानानं फारच कमी. अमळनेरात राहून भरीत सोडायची शिक्षा तुला कुणी दिली रे भो? दुधाचं म्हणशील, तर जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि ते शौचावाटे निघून जातं. कॅल्शियम नसलं की ऑक्झलेट मोकळं रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडात येऊन बसतं. म्हणून दोन्ही जेवणांत वाटीभर दही किंवा पेलाभर ताक हवंच. जेवणात, हं. रात्री झोपताना एकदम मोठा पेला दूध घेतलं तर हे काम होत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता मुख्य गोष्ट. लघवी घट्ट झाली की खडा धरतो. दिवसाला किमान अडीच लिटर लघवी व्हायला हवी. तू लिहितोस, 'रोज तीन बाटल्या पितो.' पण चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, दुकानाचा पत्रा तापतो आणि त्यातलं कितीतरी पाणी घामावाटे जातं. म्हणून बाटल्या मोजून कळत नाही. येत्या रविवारी घरी असशील तेव्हा असं कर. सकाळची पहिली लघवी टाकून दे आणि वेळ लिहून ठेव. त्यानंतरची प्रत्येक लघवी खुणांच्या प्लॅस्टिकच्या मगात मोजून आकडा मांड. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवी धरून बेरीज कर. समजा १२०० मिली भरली, तर कमी पडतात १३०० मिली. रोजच्या पिण्यात निदान तेवढी भर घाल. ही मोजणी उन्हाळ्यात एकदा करायलाच हवी. डिसेंबरातला आकडा फसवतो. रविवारी घरात पंख्याखाली बसून बरी भरली म्हणूनही खूश होऊ नकोस, दुकानाच्या दिवशी घाम जास्त जातो.

सगळं पाणी एकदम ढोसून उपयोग नाही, दोन तासांत निघून जातं. तुझी खरी अडचण मला ठाऊक आहे: दुकानाजवळ लघवीची सोय नाही, म्हणून अकरा ते चार तू घोटभरच पितोस. नेमके तेच उन्हाच्या तापाचे तास. शेजारच्या हॉटेलवाल्याशी बोलून ठेव, पण हे तास कोरडे काढू नकोस. झोपताना एक पेला घे आणि रात्री उठलास की अर्धा पेला, कारण पहाटेची लघवी सगळ्यांत घट्ट असते.

दिवसाला दोन लिंबांचा रस पाण्यात पातळ करून पी. लिंबातलं सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, स्फटिक जमू देत नाही. मात्र सरबतात मीठ टाकलंस तर एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेशील, आणि साखरही नाहीच. कोल्ड्रिंक तर नकोच नको. लिंबूपाणी पिऊन झालं की चूळ भर, आंबटानं दातांचं आवरण झिजतं.

मिठाबद्दल वहिनींना वाचून दाखव. मूत्रपिंड मिठातलं सोडियम बाहेर टाकतं तेव्हा कॅल्शियमही सोबत ओढलं जातं आणि लघवीत ते वाढतं. माणशी दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे एक छोटा चमचा, तोही सपाट. तुम्ही चौघं, म्हणजे महिन्याला ६०० ग्रॅम. घरात किलोची पिशवी महिन्यातच संपत असेल तर समजून जा. त्यात पापड, बिबडे, लोणचं, ठेचा आणि शेवभाजीतली शेव यांचं मीठ वेगळंच. पापडखारातही सोडियम असतं. शेवभाजी असेल त्या दिवशी लोणचं-पापड ताटात नको. ताकातही मीठ नको, जिरेपूड घाल.

ऑक्झलेटवाल्या जिनसा मोजक्याच आहेत: पालक, बीट, काजू-बदाम, शेंगदाणे. आपल्या रश्शात शेंगदाण्याचं कूट असतंच. ते घालताना हात ढिला सोडायचा नाही, आणि सोबत दही ठेवायचं. पालक भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं. पालकाचा कच्चा ज्यूस आरोग्याच्या नावाखाली पितोस तो आजपासून बंद कर. व्हिटॅमिन सीच्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्याही बंद, त्यांचंही शरीरात ऑक्झलेट होतं. मटण आठवड्यातून एकदा, बेतानं. बिअरनं खडा पडतो हे पारावरचं शास्त्र झालं. हुलग्याचं कढण आवडत असेल तर खुशाल पी, पण औषध समजून नको.

पुन्हा कळ आली तर मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून परस्पर गिळत बसू नकोस, काही गोळ्या मूत्रपिंडालाच इजा करतात. कळेसोबत थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री जळगाव गाठ. अडकलेल्या खड्यामागे जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत जिवावर बेतू शकतं. एरवी सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घे, आणि पुन्हा खडा झालाच तर डॉक्टरांना चोवीस तासांच्या लघवीच्या तपासणीबद्दल विचार.

तुझं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची तपासणी) ठीक आहे म्हणून हे सगळं तुला लिहिलं. अण्णांचं हृदय कमकुवत आहे. त्यांना तुझ्या जोडीनं पाणी पाजू नकोस, त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलेलं माप तेच खरं.

तुझा,
दिनेश