मॅटवर परत बोलावल्याबद्दल

प्रिय मॅडम,

ज्युदोचा ड्रेस परत द्यायला आले होते, ती संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले होते आणि रांदोरी, म्हणजे जोडीदाराशी मोकळी झुंज, आता कायमची बंद, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. धुऊन, घडी घालून आणलेला ड्रेस कुणातरी मुलीला होईल, एवढंच बोलून मला निघायचं होतं. तुम्ही पिशवी हातातून घेतलीत, बाकावर ठेवलीत आणि म्हणालात, "बस जरा. फुकुदा सेन्सेईंबद्दल सांगते."

त्यासाठी हे पत्र. समोर आले की माझा गळा दाटून येतो, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडच लिहितेय.

ज्युदोच्या जपानी गुरू (सेन्सेई) फुकुदा केइको यांचं नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं. आठ वर्षं ज्युदो खेळूनही! त्यांचे आजोबा हाचिनोसुके हे तेनजिन शिन्यो परंपरेतले जुजुत्सूचे गुरू. १८७७च्या सुमारास त्यांच्याकडे शिकायला आलेला एक किरकोळ अंगाचा विद्यार्थी म्हणजे कानो जिगोरो. पुढे १८८२ साली त्यांनी कोदोकान ही आपली शाळा सुरू केली आणि ज्युदो घडवला. पन्नासेक वर्षांनी, म्हातारपणी, या कानोंनी आपल्या गुरूच्या नातीला स्वतः बोलावून घेतलं. गुरूघरचं ऋण असं फेडतात, हे आमच्याकडच्या तालमीत वाढलेल्या माणसांना वेगळं समजावून सांगायला नको.

१९३५ साली त्या कोदोकानच्या महिला विभागात दाखल झाल्या. टोकियोच्या घरातली, सुलेखन आणि पुष्परचना शिकलेली मुलगी. उंची पाच फुटांच्या आत, वजन पंचेचाळीस किलोसुद्धा नाही. आई आणि भावाने परवानगी दिली, कारण निदान एखादा ज्युदोवाला नवरा तरी मिळेल अशी त्यांना आशा होती. हे तुम्ही सांगितलंत आणि तीन महिन्यांत मी पहिल्यांदा हसले. स्थळ आलंही. पण लग्न करायचं तर ज्युदो सोडावा लागणार होता. त्यांनी लग्न सोडलं.

मला खरं हलवलं ते त्यापुढच्या गोष्टीने. त्या काळी कोदोकानमध्ये बायकांना स्पर्धेत उतरायला बंदी होती. मी मात्र स्पर्धा गेली म्हणजे ज्युदो गेला, असं धरून बसले होते! फुकुदा सेन्सेईंनी सगळा जीव कातामध्ये, म्हणजे जोडीने करायच्या ठरलेल्या हालचालींमध्ये, ओतला, विशेषतः जू-नो-कातामध्ये. तीन संच, प्रत्येकी पाच, अशी पंधरा तंत्रं. समोरचीला उचलून तोल घ्यायचा, पण आपटायचं नाही. जोर अंगावर येऊ द्यायचा, वळायचं, आणि तोच जोर वापरायचा. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आला, तोही फक्त पुरुषांसाठी. तिथे त्यांनी नोरितोमी मासाको यांच्यासोबत हाच काता करून दाखवला.

आणि तरी पाचव्या दानच्या (ब्लॅक बेल्टमधल्या पायरीच्या) वर बायकांना जाऊ द्यायचं नाही, असा नियम होता. १९५३ साली त्या पाचव्या दानवर होत्या. सहावा मिळाला १९७२ साली, तोही लोकांनी पत्रांची मोहीम चालवल्यावर. एकोणीस वर्षं! मला याचा आजही राग येतो. त्या मात्र शिकवत राहिल्या, पुढे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत बायकांचा दोजो (ज्युदोची तालीम) उभा केला, नव्वदी ओलांडल्यावरही शिकवत होत्या. २०११ साली, अठ्ठ्याण्णव वर्षांच्या असताना, अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेने त्यांना दहावा दान दिला. २०१३च्या फेब्रुवारीत त्या गेल्या.

एवढं सांगून तुम्ही उठलात, मॅटच्या कडेला जाऊन वाकून नमस्कार केलात आणि म्हणालात, "ये. हा काता साध्या कपड्यांतही करता येतो." मी सलवार-कमीजमध्येच चढले. तुम्ही, माझ्या गुरू, उके, म्हणजे हल्ला करणारी जोडीदार, झालात. तीन पावलं टाकत तुमचा हात माझ्या डोळ्यांच्या मधोमध रोखून आलात, आणि मी घाबरत घाबरत वळले. त्सुकि-दाशि, पंधरातलं पहिलं तंत्र. गुडघा दुखला नाही.

त्यानंतर वर्षभर दर शनिवारी, मुलींची बॅच सुटल्यावर, तुम्ही माझ्यासाठी अर्धा तास थांबलात. दिवसभर शिकवून दमलेल्या असायचात. एकदाही फी घेतली नाहीत, एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत. माझा पाय किती वाकतो, ते माझ्याआधी तुम्हाला कळायचं. त्याबद्दल मनापासून आभार, मॅडम.

आता तिसऱ्या संचातलं शेवटचं, र्योगान-त्सुकि, तेवढं उरलंय. शनिवारी मी लवकर येते. मॅट मीच पुसून ठेवेन. आणि हो, तो ड्रेस नव्या बॅचमधल्या त्या उंच मुलीला देऊन टाका. मी माझ्या मापाचा नवा शिवून घेतलाय.

तुमची विद्यार्थिनी